शॅम्पेन रंगाची पांढरी साडी

परवा भाचीने शीळफाट्याच्या पुढे घेतलेला फ्लॅट दाखवायला मला नेलं. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं करून म्हणाली, मावशी, ओळख बघू भिंतीचा रंग कुठला. तिला वाटलं असणार की ही बाई पांढरा म्हणेल, फार तर क्रीम. मी चष्मा वर सरकवला, भिंतीला नाक लावलं, खिडकीपाशी गेले, परत आले आणि म्हटलं, शॅम्पेन, पण एक हात कमी मारलाय. रंगाऱ्याने मान खाली घातली. भाची माझ्याकडे असं बघत राहिली जणू मी तिच्या फोनचा पासवर्ड सांगितलाय. काय करणार, हा रंग मी पन्नास पावलांवरून ओळखते. हल्ली तो गाड्यांना असतो, फोनला असतो, लग्नातल्या नवऱ्यांच्या शेरवान्यांना असतो, आणि लोक तो बघून खुश होतात. मी आधी दचकते, मग हसते. क्रम कधी चुकत नाही.

तेव्हा आम्ही कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, मागे मोरी. दिवसभर यार्डातले मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे आणि आमच्या मांडणीवरचे पेले त्यांना उत्तर द्यायचे. आई दुपारी शिवणयंत्रावर बसायची, त्यामुळे घरात एक तरी गोष्ट सतत खडखडत असे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. घरात ते फार बोलत नसत, पण रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग घेताना त्यांचा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू जायचा. चाळीच्या मागचा दारूचा गुत्ता त्यांनी आणि आणखी चार जणांनी महिनाभर समोर सतरंजी टाकून बसून बंद पाडला होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, इस्त्रीची घडी अशी की त्यावर बोट कापेल.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. डोंबिवलीत एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होती. साडीवरचा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर यांचं ते दुकान. बायका पिशवीतून साडी काढून काउंटरवर टाकायच्या आणि ताई गठ्ठ्यांकडे नीट न बघताच हात घालून तोच रंग ओढून काढायची. पण आत कधी पसंत करू द्यायची नाही. साडी आणि कापड दोन्ही घेऊन गिऱ्हाइकाला पायरीवर, उन्हात न्यायची. ती म्हणायची, ट्यूबलाइट सगळ्यांना सांभाळून घेते, ऊन कुणाला सांभाळत नाही. दुकानात गिऱ्हाइकं रंगाला खाण्याची नावं घेऊन येत: चिकू, डाळिंबी, जांभळी, वांगी. फिकट रंगांचा मात्र गोंधळ असे. कोरा, मोतिया, बिस्किट, फिकी बदामी, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक तुकडा, ज्याखाली कंपनीने छापलं होतं शॅम्पेन. मालकांनी ताईला सांगितलं होतं की ते एक महागडं सरबत असतं. ताईला खरं काय ते माहीत होतं. ती तो रंग घरी बोलताना बिस्किट म्हणायची, कारण घरात अण्णा होते.

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, शांत, कान जरा मोठे. त्याची आई, सुमनबाई, जिल्हा कचेरीत कारकून होत्या. उंच, ताठ, कागद वाचावा तशी माणसं वाचणाऱ्या. आमच्यात मुलगी पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहते आणि ती साडी मुलाकडून येते. सुमनबाई स्वतः तिन्ही नणंदांना बरोबर घेऊन दुकानं पालथी घालून आल्या होत्या. पांढरंशुभ्र रेशीम, बोटभर सोनेरी काठ. शेजारच्या जोशीकाकू साडी बघायला आल्या, हळूच म्हणाल्या की कापड सुंदर आहे हो, पण लग्नात पांढरं म्हणजे कसंतरीच वाटतं. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि पाऊण तास समजावलं. काकूंना किती पटलं ठाऊक नाही, पण उठताना त्या पुन्हा साडीला हात लावून गेल्या.

यात एक छोटी गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या महिनाभर आधी जेवताना ताई म्हणाली होती की मी दिवसभर रंग विकते, लग्नात एखादा फिकटसा रंग चालला तर. वाक्य तिने पुरं केलंच नाही. अण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ओरडले नाहीत. त्यांच्या आईचं लग्न कसं उसन्या हिरव्या लुगड्यात झालं, दुसऱ्या दिवशी ते कसं परत द्यावं लागलं, आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या लग्नात पांढरी साडी नेसून आमची आई उभी राहिली तेव्हा आजी कशी रडली, हे त्यांनी सांगितलं. बोंबलाची चटणी कोरडी पडली. ताई म्हणाली, पांढरीच, अण्णा. विषय संपला.

लग्न रविवारी होतं. गुरुवारी दुपारी आई पत्रिका वाटायला गेली, ताई दुकानात, अण्णा कारखान्यात. मी तेरा वर्षांची, शाळा अर्धी, घरात लोखंडी कपाट आणि कपाटाला लांबलचक आरसा. यापुढे काय झालं ते चाणाक्ष वाचकाने ओळखलं असेल, पण मला सांगू द्या, मी त्यासाठीच लिहायला बसलेय. मी साडी काढली. गणवेशावर नेसले. पिना नव्हत्या, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. मग आरशासमोर नाटक सुरू झालं. मीच नवरी, मीच सासू. सासू खुर्चीत बसून म्हणायची, मुली, चहा आण. मग मी उठून नवरी होऊन, मान खाली घालून, बशीत कप घेऊन यायचे. नाटकात खरेपणा हवा म्हणून कपात खरा चहा होता. तिसऱ्या प्रयोगाला निरीत पाय अडकला.

मांडीपासून घोट्यापर्यंत चार निऱ्यांवर चहा गेला. मी साडी उतरवली आणि मोरीत नेऊन डागाला साबण लावला. एक तर रेशीम, त्यात कपड्यांचा साबण. डाग पसरला, कडा पिवळ्या झाल्या, मधे राखाडी. मांडणीवरचे पेले किणकिणत होते आणि मला वाटत होतं की तेवढ्यात आई आली तर ते आधी तिला सांगतील. मी साडी बादलीत घातली, वरून गोणपाट टाकलं आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत होते. जोशीकाकूंनी दोनदा विचारलं, बरं नाही का गं.

ताई आली तेव्हा आई आत भाजी चिरत होती. मी ताईला मोरीत नेलं आणि गोणपाट उचललं. ती ओरडेल, निदान एक थोबाडीत देईल, म्हणून मी गाल तयार ठेवला होता. तिने साडी बाहेर काढली, पिळली नाही, नुसती तळहातावर धरली. डाग मोरीच्या झरोक्यातल्या उरलेल्या उजेडात धरून गिऱ्हाइकाची साडी बघावी तसा बघितला. मग माझ्याकडे वळली.

"पांढरी आता होणार नाही," ती म्हणाली. "डाग साडीसारखा करता येत नसेल तर साडी डागासारखी करायची."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या शाळेत जायचं नाही. आणि सुजे, तोंड बंद. तुझं तोंड मला ठाऊक आहे."

शुक्रवारी सकाळी आम्ही विठ्ठलवाडीला मोहनचाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतो. ताईच्या दुकानातून अस्तरं आणि परकर रंगवायला त्यांच्याकडेच जात. चार भट्ट्या, चार मोठी पातेली, आणि चाचांचे हात कोपरापर्यंत त्या दिवसाच्या रंगाचे. त्या दिवशी ते मोरपंखी होते. ताईने तारेत ओवलेल्या कापडाच्या तुकड्यांचा जुडगा काढला, डागाच्या कडेवर एकेक तुकडा ठेवत गेली. कोऱ्यावर डाग ओरडत होता. मोतियावर कुजबुजत होता. चिकूवर नाहीसा झाला, पण चिकू रंगात मुलगी लग्नाला उभी करता येत नाही. शॅम्पेनवर डाग होता की नव्हता ते सांगता येईना.

चाचा म्हणाले, "बेटा, रेशीम पाणी पितं तसा रंग पितं. थांबवता येत नाही. आणि जर काळी पडली तर मेरेको बोलायचं नाही."

जर म्हणजे तो सोनेरी काठ. गरम पाण्यात जास्त राहिला तर काळा पडतो, साडी लवकर काढली तर डाग झाकला जात नाही. म्हणजे जे काय करायचं ते अर्ध्या मिनिटात. चाचांनी आधी साडीचा आत खोचायचा भाग बुडवला. बाहेर आला तो गुलाबीसर. ताईने मान हलवली. पातेल्यात चिमूटभर पिवळं पडलं, ढवळलं, पुन्हा बुडवलं. ताई ओला तुकडा घेऊन उन्हात धावली आणि तिथूनच हात वर केला. मग चाचांनी दोन काठ्यांवर पूर्ण साडी उचलली. मी भिंतीला पाठ लावून मनात अंक मोजत होते. अठ्ठावीस झाले आणि ताई म्हणाली बस. चाचा म्हणाले अजून थोडं. ताई म्हणाली, चाचा, बस. मी आजवर पुष्कळ नाटकं पाहिली, काही स्वतः केली, पण त्या दोन काठ्या पाण्याबाहेर येईपर्यंत मी जसा श्वास धरला तसा पुन्हा कधी धरला नाही.

काठ सोनेरी राहिला होता. डागाच्या जागी हलकीशी सावली होती, निऱ्यांत लपेल इतकी. शिवून आलेला ब्लाउजही तसाच बुडवला, तो किंचित गडद निघाला, ताईने नुसतं बघून म्हटलं बदामीकडे गेला. दुसऱ्या दिवशी आईने साडी कुठे म्हणून विचारलं तेव्हा ताई म्हणाली, इस्त्रीला दिलीय. संध्याकाळी साडी घरी आली. घर पाहुण्यांनी भरलेलं, पुऱ्या तळल्याचा वास, वाटाणा-बटाट्याचं पातेलं ओट्यावर. आईने ट्यूबलाइटखाली साडी उघडली. आई म्हणाली, इस्त्रीनं किती मऊ दिसतेय. अण्णांनी लांबून बघून मान डोलावली. ताईने माझ्याकडे बघितलं नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

रविवारी अकराची वेळ होती. हॉलच्या मागे नवरीला बसायची खोली, आणि त्या खोलीला पूर्वेकडे चांगली दारभर खिडकी. ही खिडकी आम्ही दोघींनीही हिशेबात धरली नव्हती. ताईने साडी नेसली, मी पिना देत होते, आणि उन्हात ती साडी हळूहळू जी होती ती व्हायला लागली. पांढऱ्या भिंतीसमोर, माझ्या पांढऱ्या फ्रॉकसमोर, ती सरळसरळ वेगळी होती. सुंदर दिसत होती, हे मला आज म्हणता येतं. सावळ्या ताईच्या अंगावर तो रंग असा बसला होता की जणू आतून उजेड लावलाय. तेव्हा मला तो नुसता पुरावा दिसत होता.

सुमनबाई हार ठरवायला आत आल्या. दोन पावलं आल्या आणि थांबल्या. पदर हातात घेऊन खिडकीकडे धरला.

"ही मी दिलेली साडी नाही."

"तीच आहे, आई," ताई म्हणाली. "मी रंगवून घेतली. मला पांढरी नको होती."

माझ्या हातातल्या पिना तशाच राहिल्या. ती असं म्हणेल हे आमच्यात ठरलं नव्हतं. आमच्यात काहीच ठरलं नव्हतं. आणि मग मला दिसलं की दारात अण्णा उभे आहेत, हातात मेणबत्त्यांचा पुडा. त्यांनी ऐकलं होतं. अण्णांचा चेहरा मी रागावलेला पाहिला होता, थकलेला पाहिला होता. हा मी पाहिला नव्हता. त्यांनी पुडा खिडकीत ठेवला, फार जपून, जणू त्यात काच आहे.

"लाज वाटली तुला?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही, अण्णा."

"मग कसं?"

ताई पदराचा काठ बोटांनी सरळ करत राहिली. बाहेर बौद्धाचार्य माईक तपासत होते. सुमनबाई एकदा ताईकडे, एकदा अण्णांकडे बघत होत्या. ताई गप्प राहिली असती, मला आजही खात्री आहे, जन्मभर गप्प राहिली असती. आणि अण्णा जन्मभर समजत राहिले असते की त्यांच्या मुलीला त्यांच्या आईसारखं उसनं हिरवं चाललं असतं, पण हे पांढरं नको होतं. सुमनबाईंच्या घरी ती पहिल्या पावलापासून दिलेली साडी नाकारणारी सून झाली असती. हे सगळं मला तेव्हा असं शब्दांत सुचलं नाही. मला फक्त अण्णांचे हात दिसत होते, रिकामे, आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"चहा," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही. "चहा सांडला. मी. मी नेसले होते."

खोलीत तिघंही माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं, चिमट्यांसकट, साबणासकट, मोहनचाचांसकट. सासूची भूमिका तेवढी वगळली, कारण सासू समोर उभी होती. माझं झालं तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते.

"चहा," ते म्हणाले. "नुसता चहा." मग ताईकडे वळले. "अर्ध्या तासात तू पंचशील घेणार आहेस. खोटं बोलणार नाही असं म्हणणार आहेस. आणि आत्ता माझ्यासमोर?"

"घेतल्यावर नाही बोलणार," ताई म्हणाली.

सुमनबाईंच्या नाकातून एक आवाज आला. त्यांनी तो खोकल्यात घालवला. मग विचारलं की या रंगाला म्हणतात तरी काय. ताईने माझ्याकडे बघितलं, मी घाईघाईने बिस्किट म्हणाले, आणि असं एकाच साडीपायी एकाच खोलीत आम्ही बहिणींनी चौथं शील दोनदा मोडलं. पाचव्याबद्दल, म्हणजे त्या रंगाच्या खऱ्या नावातल्या दारूबद्दल, मी अण्णांना पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. त्यांनी दोन दिवस चहाही घेतला नाही.

सुमनबाई म्हणाल्या, "मला रंगाचं काही नाही. पण बाहेर माझ्या तीन नणंदा बसल्यात. साडी निवडायला बरोबर होत्या. त्यांना मी काय सांगू?"

"तुम्ही काही सांगायचं नाही," अण्णा म्हणाले. "हिने सांडलाय. ही सांगेल."

ही शिक्षा होती, आणि ती पूर्ण वसूल झाली. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या, ताईने पंचशील स्पष्ट आवाजात म्हटलं, फुलांच्या पाकळ्या पडल्या, हार घातले गेले. मग अण्णांनी मला मंचावर ताईच्या खुर्चीशेजारी उभं केलं आणि स्वतः खाली, पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन बसले. पहिली नणंद वर आली, ताईच्या पदराकडे बघून भुवया उंचावल्या. मी जमिनीकडे बघत म्हणाले, माझ्या हातून चहा सांडला म्हणून रंगवली. ती अरेरे म्हणून गेली. दुसऱ्या नणंदेने विचारलं, सांडला कसा? मी सांगितलं. तिसरीने विचारलं, पण तू नेसलीसच का? तेव्हा मला चिमटे सांगावे लागले. ती हसली. पाचव्या-सहाव्या माणसापर्यंत अडखळणं संपलं होतं. दहाव्याला मी निरीत पाय अडकल्याचं करून दाखवलं. जोशीकाकूंना मोहनचाचांचा आवाज काढून दाखवला. पुढे पुढे लोक खालून माणसं घेऊन यायला लागले, हिच्याकडून ऐक म्हणून. नवरामुलगा ओठ चावून सरळ बघत होता, त्याचे मोठे कान लाल झाले होते. ताईने एकदा हसू आवरत मला कोपराने ढकललं, आणि तिच्या बदामीकडे गेलेल्या ब्लाउजवर हाराचं एक पान चिकटलं. मी घाबरलेली होते, आणि मला मजा येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या मंचावर कळलं.

शेवटची पंगत बसायची राहिली होती. हॉल रिकामा होत आला. तेव्हा अण्णा उठले आणि रांगेत कुणी नसतानाही बाजूने, पायऱ्यांवरून, पाहुण्यासारखे वर आले. माझ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"ही साडी पांढरी का नाही?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. मोहनचाचांचा आवाज येईना. पाय अडकवून दाखवता येईना.

"मी न विचारता ताईची साडी नेसले," मी म्हणाले. "चहा सांडला. तुम्हाला सांगायला घाबरले."

मागे बांधलेले हात त्यांनी सोडले.

"बाकीच्यांना सांगितलंस त्यात हे शेवटचं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"बरं."

ताईच्या खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी दोन बोटांनी उचलून नीट बसवला, आणि वाढपी हाक मारत होते तिकडे जेवायला गेले.